बयजाईची पिवळी बांगडी

बसा, नीट मांडी घालून बसा. लहान असाल तर पुढे या, मोठे असाल तर मागे सरका. मांडीवर तान्हं असेल तर ते घटकाभर शेजारणीकडे द्या, कारण बयजाईची गोष्ट आईनं मोकळ्या हातांनी ऐकायची असते.

फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर धोतर-लुगडं गुडघ्यावर घ्यावं लागायचं, तेव्हाची ही हकिगत. उंबरथडी गावात बयजा नावाची कासारीण राहत होती. कासारीण म्हणजे बायकांना बांगड्या भरणारी. डोक्यावर टोपली, खांद्यावर दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा, अशी ती नदीकाठच्या गावांतून फिरायची. तिचा आवाज एवढा की पलीकडच्या तीरावरून तिनं हाळी दिली की अलीकडच्या म्हशी रवंथ थांबवून माना वर करायच्या, असं म्हणतात.

पाहुण्याला ओसरी, सोयऱ्याला सोपा, पण कासारणीला थेट माजघरात वाट असते. तिथं ती बाईचा हात आपल्या हातात घेते, चेपून चेपून तो मऊ करते, बोटं जुळवून धरते आणि बांगडी हळूच वर सरकवते. या कामाला वेळ लागतो. आणि आपला हात कुणी इतका वेळ मायेनं धरला की बाई बोलायला लागते. त्यामुळे कोणाच्या घरात काय शिजतं, कोणाचं कोणाशी वाजलं, सगळं बयजाला ठाऊक. फक्त एक गोष्ट तिला कधी कुणी सांगितली नव्हती. ती गोष्ट तिनंही कधी कुणाला सांगितली नव्हती. गावात ती कुणीच बोलत नसे, म्हणून प्रत्येकीला वाटे की आपण एकटीच तशी.

त्याच गावात धोंडाबाई नावाची एक विधवा राहायची. कडक बाई. नवरा लवकर गेला, तिनं एकटीनं शेत राखलं, राणू नावाचा मुलगा वाढवला आणि हौसा नावाची सून आणली. हौसा नावासारखीच होती, हसरी, बोलकी, जात्यावर बसली की आळी जागी करणारी. तिला पहिली मुलगी झाली. बारसं झालं, चिमा नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते रडणं सुरू झालं.

दिवसभर चिमा गुणाची. पण तिन्हीसांजेला दिवा लागला की पाय पोटाशी घ्यायची, मुठी आवळायची, लालबुंद व्हायची आणि असा सूर लावायची की देवळातली घंटा ऐकू येऊ नये. पाजलं तरी रडे, थोपटलं तरी रडे, खांद्यावर घेतलं तरी रडे. गावाची जेवणं उरकून भांडी घासून होईपर्यंत हेच. मग आली तशी ती कळ जायची आणि चिमा झोपायची. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा तेच.

गाव माणुसकीचं होतं. एकीनं बेंबीभोवती हिंग लावला. दुसरीनं ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून पोट शेकलं. तिसरीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. जो येई तो विचारी, पोरीला काय झालं? हौसाला काय झालं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

उपाय हरले तेव्हा सगळ्यांचा मोर्चा हौसाच्या ताटाकडे वळला. आईनं खाल्लेलं दुधात उतरतं आणि लेकराला बाधतं, अशी त्या गावाची पक्की समजूत. धोंडाबाईनं डाळ बंद केली. रडणं थांबलं नाही. भाजी बंद केली. रडणं थांबलं नाही. शेवटी ताटात मऊ भात आणि मीठ एवढंच राहिलं, आणि पोरगी आपली रोजच्या वेळेला सुरू. मग धोंडाबाई म्हणाली, "खाण्यात न्हाई, हिच्यातच काय तरी हाय."

राणूचं म्हणाल तर तो बिचारा वाईट नव्हता. पोर रडायला लागली की बैलांना वैरण घालायची आहे असं म्हणून तो गोठ्यात जायचा. त्या महिन्यात त्यांचे बैल चांगलेच धष्टपुष्ट झाले होते.

हौसा मात्र आटत चालली. चिमा झोपली तरी तिला झोप येईना. घर शांत असलं तरी तिच्या कानांत रडणं चालूच. आधी ती पोरीबरोबर रडायची, नंतर तिचं रडणंही बंद झालं. दुपार कलली की तिच्या छातीत धडधड सुरू व्हायची, कारण आता दिवा लागणार. कुणी काही बोललं तर ती मान हलवायची, पण ते तिच्यापर्यंत पोचत नसे.

सव्वा महिना झाला. बाळंतीण बाहेर निघाली की तिला नवा हिरवा चुडा भरायची रीत. शेजारच्या बायका जमल्या, बयजा आली, हौसाचा हात तिनं हातात घेतला आणि ती जराशी दचकली. हात गार होता आणि लाकडासारखा ताठ होता.

"हात सैल सोड गं पोरी," बयजा म्हणाली.

हौसानं सोडायचा प्रयत्न केला, पण तिला तो सोडता येईना. पहिली बांगडी मनगटाच्या अलीकडेच पिचली. दुसरी पिचली. तिसरीनं तर हौसाच्या हातातून रक्त काढलं. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बांगडी फुटली असं आपल्याकडे म्हणतसुद्धा नाहीत, वाढली म्हणतात, कारण ते नवऱ्याच्या जिवावरचं मानतात. आणि इथं चुडा भरतानाच ढीगभर काचा पडलेल्या. धोंडाबाईचा चेहरा पांढराफटक झाला. एकुलता एक मुलगा होता तिचा.

"बास झालं," ती म्हणाली. "दूध लेकराला बाधतंय, हात नवऱ्याला बाधंल. उद्याच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीत हिला बसवते आन् माहेरी धाडते. पोरगी हितंच ऱ्हाईल. शेळीच्या दुधावर वाढवीन म्या."

हौसा भांडली नाही, पाया पडली नाही, पोरीला मागितलं नाही. सासूचं म्हणणं तिला खरंच वाटत होतं. बयजानं काचा गोळा केल्या, टोपली उचलली आणि ती पुढच्या गावाला गेली. पण दिवसभर तिला हिरव्या बांगड्यांकडे बघवेना.

त्याच दिवशी संध्याकाळी बयजा नदी उतरून परत येत होती. गावात दिवे लागत होते आणि चिमाचा सूर वाऱ्याबरोबर थडीपर्यंत येत होता. तेवढ्यात समोरून हौसा आली. अनवाणी, डोक्यावर पदर नाही, हात मोकळे. तिला बयजा दिसलीसुद्धा नाही. ती सरळ पाण्याकडे चालली होती.

बयजानं टोपली वाळूत ठेवली आणि तिचं मनगट धरलं. "कुठं निघालीस?"

"लांब," हौसा म्हणाली. "तिचं रडणं ऐकू येणार न्हाई तितकं लांब."

बयजानं आणखी काही विचारलं नाही. ती तिथंच वाळूत बसली, हौसाला तिनं शेजारी बसवलं आणि बांगड्या भरायच्या असल्यासारखा तो ताठ हात चेपायला लागली. हात मऊ व्हायला लागला तशी हौसा बोलायला लागली.

"मावशी, आज मला वाटलं, हिला खाली आपटावी. खरंच वाटलं. हातबी वर गेलं माजं. माज्याजवळ ऱ्हायली तर पोर वाचायची न्हाई."

"मग काय केलंस?"

"पाळण्यात ठिवली आन् आले."

"टाकलीस का ठिवलीस?"

"ठिवली. दुपटं घातलं अंगावर. आन् आले."

बयजानं तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "अगं, मग तू आईच हाईस. हात वर गेल्यावर ज्या बाईनं लेकरू अलगद ठिवलं, दुपटं घातलं आन् मग पाय काढला, ती वाईट कशी? ती दमली. माणसाला सोसवंल त्याच्या म्होरं जाऊन दमली." मग जे तिनं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं ते तिनं सांगितलं. "माजा थोरला असाच रडायचा. म्या एकदा त्याला गव्हाणीत ठिवून परसात कानात बोटं घालून बसले व्हते. तवापासून मला वाटायचं, सगळ्या बायका आया हाईत, म्या एकलीच राक्षसीण."

 हौसा कित्येक दिवसांत पहिल्यांदाच रडली, आणि रडता रडता तिचा हात पार सैल झाला.

त्या दोघी गावात आल्या तेव्हा धोंडाबाईचं अंगण माणसांनी भरलं होतं. पोर टाकून सून गेली ही बातमी घराघरांत पोचली होती. आत चिमा आकांत करत होती, ओसरीवर धोंडाबाई उभी होती. हौसाला बघून कुणी तरी म्हणालं, "आईच्या जातीला काळिमा."

आणि तेव्हा बयजानं आपला आवाज काढला. म्हशींना माना वर करायला लावणारा तो आवाज. तो ऐकून अंगणातले कंदील एकदम मोठे झाले, असं म्हणतात. पोरसुद्धा हबकून क्षणभर थांबली.

बयजा घरात गेली, चिमाला खांद्यावर घेऊन बाहेर आली आणि अंगणाच्या मधोमध बसली. चिमानं पुन्हा सूर लावला तो लावू दिला. एका हातानं तिला थोपटत दुसऱ्या हातानं तिनं टोपली चाचपली. टोपलीत सगळा माल हिरवा. पण तिच्या बोटांना लागली ती एक पिवळी बांगडी, पिकल्या हळदीच्या रंगाची. ती बांगडी तिनं कुठून घेतली नव्हती, कुणी दिली नव्हती. कुठून आली ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही.

तिनं ती उंच धरली. "गव्हाणीतली गोष्ट आत्ता नदीवर हौसाला सांगितली, तीच आता समद्यास्नी सांगते," ती म्हणाली, आणि आपल्या थोरल्याची हकिगत तिनं भर अंगणात सांगितली. मग ती बांगडी तिनं स्वतःच्या हातात चढवली. "ज्या बाईला लेकराच्या रडण्यानं कंदी पळून जावंसं वाटलं, कंदी त्याला टाकून द्यावंसं वाटलं, तिनं हात पुढं करावा. जिला कंदीच वाटलं न्हाई, तिनं खुशाल हौसाला बोल लावावा."

चिमा रडतच होती. बायका खाली बघत होत्या.

पहिली पुढे आली ती पाटलीणबाई. लक्षात घ्या, जिच्या घरात मुलं रडायचीसुद्धा विचारून रडत, ती पाटलीणबाई. तिनं हात पुढे केला. बयजानं टोपलीत हात घातला, आणि आता तिथं पिवळं काही नसणार असं तिला वाटत होतं, पण बोटांना दुसरी पिवळी बांगडी लागली. मग सुताराची बायको आली. मग तिची थोरली जाऊ. मग गुरवीण. मग काठी टेकत, कुणाच्या तरी खांद्याला धरून, गावातली सगळ्यात म्हातारी सुईण आली आणि म्हणाली, "माज्यायेळी कुटं गेली व्हतीस गं तू?" दर वेळी टोपलीत एकच पिवळी बांगडी सापडे, आणि ती काढली की त्याजागी आणखी एक. बायका बांगडी भरून घेत आणि हौसाच्या बाजूला जाऊन उभ्या राहत. थोड्या वेळानं अंगणाच्या त्या बाजूला पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि या बाजूला उरले फक्त पुरुष. ते आपल्या बायकांकडे अशा तोंडांनी बघत होते की जणू आजच लग्न ठरलंय.

आता ओसरीवर एकटी धोंडाबाई. तिचे हात पदराखाली होते. नवरा गेला त्या दिवशी तिच्या बांगड्या दगडावर फोडल्या होत्या, आणि त्यानंतर त्या मनगटांना काच लागली नव्हती.

बयजा तिच्यासमोर जाऊन थांबली.

"मला चालत न्हाई," धोंडाबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"ही नवऱ्याच्या नावाची न्हाई, धोंडाबाई. ही लेकराच्या नावाची हाय. तुजा राणू जिता हाय न्हवं?"

धोंडाबाईनं राणूकडे बघितलं. मग ती ओसरीच्या कडेवर बसली आणि बोलायला लागली, हौसाकडे बघून. राणूही असाच रडायचा. एका संध्याकाळी ती त्याला कणगीमागं ठेवून रानात पळाली होती. सासूनं शोधून आणलं आणि सांगितलं, तुझं दूध विषारी आहे. "त्येच खरं मानून बसले म्या," ती म्हणाली. "इतकी वर्सं. आन् तुलाबी त्येच पाजलं बघ." तिनं पदराखालून हात काढला. तो हात ताठ होता. बयजा बराच वेळ तो चेपत बसली. सगळं गाव बघत होतं, पण बांगडी पिचली नाही. पिवळी बांगडी त्या विधवेच्या मनगटात सरकली आणि कंदिलाच्या उजेडात चमकली.

धोंडाबाईनं तोच हात पुढे केला आणि चिमाला बयजाच्या खांद्यावरून उचललं. "हौसा," ती म्हणाली, "चुलीवर डाळ हाय. आधी पोटभर जेव. मग नीज. कुणी हाक मारणार न्हाई."

हौसा जेवली आणि झोपली. तिला दूध भरून आलं की पाटलीणबाई पोरीला तिच्या कुशीत नेऊन लावायची आणि पिऊन झालं की उचलून आणायची. हौसाला त्याचा पत्ता नव्हता. ती किती झोपली याबद्दल गावात वाद आहेत. कुणी म्हणतं दुसरा दिवस मावळेपर्यंत, कुणी म्हणतं त्याहून जास्त. एवढं सगळे सांगतात की लोहारानं ऐरणीवर पोती टाकली, कुत्र्यांनी भुंकणं सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी बाजाराला निघालेल्या गाडीवानांनी आपल्या बैलांच्या घुंगरमाळा काढून ठेवल्या. माहेरी धाडायच्या गाडीत कुणीच बसलं नाही. कोंबड्यांनी मात्र कुणाचं ऐकलं नाही.

आता तुम्ही विचाराल, मग चिमाचं रडणं थांबलं का? नाही. पोटातली कळ तिच्या वेळेनंच गेली, तशी ती प्रत्येक लेकराची जाते. पण तोवर दिवेलागण झाली की हौसाच्या दारात पिवळ्या बांगडीचा एक हात यायचा, पोरीला घ्यायचा आणि नदीपर्यंत फिरवून आणायचा. रोज नवा हात. रडणं तेच होतं, पण ते आता एका घराचं राहिलं नाही. हौसा उंबऱ्यात बसून केस विंचरायची. एके दिवशी ती जात्यावर बसली आणि आळी जागी झाली, तेव्हा बायकांनी घराघरांतून टाळ्या वाजवल्या.

आणि राणू. त्यानंही एका संध्याकाळी बैल सोडले आणि लेकीला खांद्यावर घेऊन तो चावडीवरून निघाला. तिथं बसलेल्यांनी त्याला चिडवलं, "राणू, बांगड्या भर की हातात." राणू थांबला, विचारात पडला, आणि तसाच वळून बयजाच्या घरी गेला. नांगर धरणारा त्याचा हात, त्यात बाईची बांगडी कशी चढणार? पण बयजानं ती टेकवली मात्र, काच मेणासारखी रुंदावली आणि मनगटात जाऊन बसली, असं म्हणतात. तो परत चावडीवरून गेला तेव्हा कुणी हसलं नाही.

बयजाची बयजाई झाली ती अशी. पुढे ती पुष्कळ जगली. नदीकाठच्या सगळ्या गावांत पिवळी बांगडी तिनंच नेली. मग एका दिवेलागणीला ती नदी उतरताना लोकांना दिसली आणि पलीकडे पोचलेली कुणाला दिसली नाही. टोपली तेवढी काठावर सापडली. ती टोपली अजून गावात आहे आणि तिचा तळ आजवर कुणाला लागलेला नाही. माझी धाकटी आत्या म्हणते, तळाशी फडकं घातलंय म्हणून तळ दिसत नाही. तिचं ऐकू नका, तिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे.

बयजाईचं देऊळ उंबरथडीत नाही. पण सव्वा महिना झाला की तिथं हिरव्या चुड्यात एक पिवळी बांगडी भरतात, आणि ती भरणारी बाई आपली स्वतःची गोष्ट सांगते. बापालाही हवी असली तर देतात, आणि हल्ली पुष्कळांना हवी असते. नवरा गेला तरी ती उतरवत नाहीत. कुणी उतरवायला पुढे झालंच तर जमलेल्यातली वडीलधारी बाई मनगटावर हात ठेवते आणि म्हणते, ही ऱ्हाऊ दे, ही लेकराची.

परवाचीच गोष्ट सांगतो. गावात नव्या शाळेवर एक बाई बदलून आली, शहरातली, वैशाली नावाची, मांडीवर दोन महिन्यांचा मुलगा. नवरा नोकरीला दुसरीकडे. संध्याकाळी मुलानं सूर लावला तशी तिनं घाईघाईनं खिडक्या लावल्या, फटीत टॉवेल कोंबला, कुणाला त्रास नको म्हणून. थोड्या वेळानं दार वाजलं. उघडलं तर बाहेर आळी उभी. एक म्हातारी, दोन सुना, पोस्टातला मनुष्य, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी पिवळं चमकत होतं.

"माफ करा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आवाज तुमच्यापर्यंत येत असेल."

"आला म्हणून तर आलो," म्हातारी म्हणाली, "खिडक्या उघड आदी. आन् तू कशी हाईस ते सांग."

पोस्टातल्या माणसानं मुलाला घेतलं आणि बाकीचे आत आले. वैशालीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि कुणी तरी मांडलेल्या ताटासमोर ती बसल्या जागीच झोपून गेली. म्हातारीनं तिच्या अंगावर दुलई घातली आणि दिवा बारीक केला. बाहेर त्या माणसाच्या खांद्यावर पोरगं गावभर रडत फिरत होतं, आणि ज्या ज्या दारावरून ते जाई ते ते दार उघडत होतं.